फक्त इलेक्ट्रिक बेस घेऊन ब्लूज गाणारा अनामिक कलाकार : शोध कुठून सुरू करावा?

तुमच्याकडे एक जुनी कॅसेट आहे. तिच्यावर एक वयस्कर माणूस लोकांसमोर ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) गातोय, साथीला त्याचाच इलेक्ट्रिक बेस, म्हणजे गिटारसारखंच पण खालच्या सुरांचं वाद्य, ना ड्रम ना गिटार, आणि नाव कुठेच लिहिलेलं नाही. एवढ्यावरून माणूस सापडेल का, असा तुमचा प्रश्न. सापडू शकतो, पण बेसचा धागा धरून नव्हे.

आधी ते वाद्य खरंच बेस आहे का हे तपासा. इथे भलेभले फसतात. बॅरिटोन गिटार (नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेली), ऑक्टेव्ह पेडल (सूर एक सप्तक खाली नेणारं यंत्र) लावलेली साधी गिटार, हे सगळं खराब रेकॉर्डिंगमध्ये बेससारखंच ऐकू येतं. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा सूर निघतो, गिटारची ८२ च्या आसपास. कॅसेटचा वेग पुढेमागे झालेला असतो, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण फरक दुपटीचा असल्याने स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या हर्ट्झचे सूर वाजताहेत ते, दाखवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तो कळतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निर्णय घेऊ नका. एवढे खालचे सूर तो जवळजवळ गाळूनच टाकतो. पेडलची शंका असेल तर दोन-तीन तारा एकत्र वाजलेली जागा ऐका. जुन्या ॲनालॉग ऑक्टेव्ह पेडलला एका वेळी एकच सूर झेपतो, कॉर्ड आला की ते गडबडतं.

समजा बेसच निघाला. आता सर्च इंजिनात ‘सोलो बेस ब्लूज’ टाकाल तर बोटांची कसरत दाखवणाऱ्या व्हिडिओंचा ढीग समोर येईल, तुमचा माणूस त्यात नसेल. माझा कयास असा, की हा गडी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये मागे उभा राहून वाजवत आला. बँड मोडला किंवा मुख्य गायक गेला, आणि हातात होतं त्याच वाद्यावर तो एकटा गायला लागला. म्हणजे त्याचं नाव असेल ते दुसऱ्यांच्या रेकॉर्डच्या पाठीमागे, बारीक अक्षरांत. डिस्कॉग्ज या रेकॉर्डांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर साथीदारांची नावं उघडून बघता येतात. मात्र एकच माणूस एकीकडे टोपणनावाने, दुसरीकडे आद्याक्षरांनी आणि तिसरीकडे चुकीच्या स्पेलिंगने नोंदलेला असतो, हे धरून चाला. १९७० मध्ये शिकागोत सुरू झालेलं आणि आता मिसिसिपी विद्यापीठातून निघणारं ‘लिव्हिंग ब्लूज’ हे मासिक अशा मागच्या फळीतल्या लोकांच्या मुलाखती आवर्जून छापत आलंय. त्यातले मृत्युलेखही वाचा. कोण कोणाबरोबर कुठल्या क्लबात वाजवायचं, हे तिथे हमखास मिळतं.

पण खरं घबाड गाण्याच्या शब्दांत असतं. मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूज गायकाने १९२८ मध्ये रेकॉर्ड केलेल्या ‘ॲव्हलॉन ब्लूज’मध्ये आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. तेवढ्या सुताचा माग काढत टॉम हॉस्किन्स हा ब्लूजचा चाहता १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या ॲव्हलॉनला पोचला, तर हर्ट तिथेच राहत होता. त्याच वर्षी जॉन फेही आणि एड डेन्सन या ब्लूजच्या चाहत्यांनी बुका व्हाइट या दुसऱ्या जुन्या गायकाच्या गाण्यातलं मिसिसिपीतलं ॲबरडीन हे गाव हेरलं आणि त्याच्या नावाने तिथल्या पोस्टात चक्क एक पत्र टाकून दिलं. व्हाइट तेव्हा मेम्फिसमध्ये होता, पण एका नातेवाइकाने पत्र त्याच्याकडे पोचतं केलं. सन हाउस या आणखी एका जुन्या गायकाला मात्र अमेरिकेच्या दक्षिणेत शोधत फिरणाऱ्यांना १९६४ मध्ये तो सापडला तो थेट उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये. तेव्हा गाण्यातलं गाव म्हणजे आजचा पत्ता असं समजू नका. त्या गावात पत्ता माहीत असणारं कुणीतरी असतं, इतकंच.

म्हणून कॅसेट हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐका, विशेषतः दोन गाण्यांच्या मधलं बोलणं. यजमानाचं नाव, रस्ता, बारचं नाव, रेडिओवरचा निवेदक, समोर बसलेल्या कुणाला मारलेली हाक, सगळं टिपा. गाणी बहुतेक इकडून तिकडून उचललेली असतील. ही बडबड मात्र त्याची स्वतःची.

मग माणसांना विचारा. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलमध्ये रॉजर स्टोल यांचं ‘कॅट हेड’ हे दुकान आहे. त्या भागात कोण कुठे वाजवतंय याची खबर तिथे असते, आणि एप्रिलमधल्या ज्यूक जॉइंट फेस्टिव्हलला असे एकटे गाणारे कलाकार रस्त्यावरच भेटतात. नॉर्थ कॅरोलिनातलं म्युझिक मेकर फाउंडेशन १९९४ पासून दक्षिणेतल्या वृद्ध, हलाखीतल्या कलाकारांना मदत करतंय, त्यांनाही लिहा. पत्र चार ओळींचं असावं, सोबत अर्ध्या मिनिटाचा तुकडा. अख्खी कॅसेट कुठेही चढवू नका, ती त्याची मिळकत आहे.

आणि तो सापडलाच तर फोन नंबर जाहीर करण्याची घाई नको. क्लबचालक किंवा घरच्यांमार्फत आधी विचारा, की त्याला हे हवंय का. काहींनी वाजवणं मुद्दाम सोडलेलं असतं, काही चर्चकडे वळलेले असतात आणि त्यांना जुनी गाणी नको असतात.

तूर्तास कॅसेटची डिजिटल प्रत करून घ्या आणि त्या बोलण्यातले शब्द कानाला लागतील तसे, अर्थ लागला नाही तरी, लिहून पाठवा. गावांची नावं मी ताडून बघतो.