बोन्सायची फांदी कापल्यावर जखमेला काय लावावं? हळद, मेण की कट पेस्ट (कापावर लावायचा तयार लेप)?

तुमच्याकडे फायकस आणि जेड आहे, घर ऐरोलीला आणि कुंड्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून आधी एवढंच सांगतो: मेण लावू नका. मेणबत्तीचं तर मुळीच नको.

माझ्याकडे वडाचं बोन्साय आहे. नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा गच्चीच्या कठड्याच्या भेगेतून आईने उपटून आणलेलं रोप. आई गेल्यावर ते कोलशेतला माझ्याकडे आलं. 2016 साली त्याची उजवीकडची फांदी अंगठ्याएवढी जाड झाली होती, शेंडा दबत चालला होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती कापली. ज्यांच्याकडे मी तेव्हा शिकायला जायचो, त्यांचा दंडक होता की काप उघडा ठेवायचाच नाही. म्हणून चीक वाहत असतानाच वरून मेणबत्ती वितळवून ओतली.

पंधरा ऑगस्टच्या सुमारास मेणाच्या कडेला काळी रेघ दिसली. नखाने उचकटलं तर मेण टोपणासारखं अख्खं हातात आलं. आत तपकिरी पाणी आणि कुबट वास. टूथपिक टोचली तर अर्धा इंच आत गेली, कुठे अडलीच नाही. चिकावर मेण धरत नाही. कड सुटते, पाऊस आत शिरतो आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. सप्टेंबरपर्यंत वरची फांदीही वाळली.

नेरुळहून दादा आला, झाड बघून म्हणाला, "तू कापलंस म्हणून. आईने कधी कात्री लावली नव्हती." ते अजून लागतं. पण दादाचं चुकलंय. त्याच दिवशी मी पेन्सिलीएवढ्या आणखी पाच फांद्या कापल्या होत्या. मेण संपलं म्हणून त्या उघड्याच राहिल्या. झाड तेच, कात्री तीच, पाऊसही तोच, आणि ते पाचही काप वर्षभरात सालीखाली बुजले. कापणं हा दोष असता तर तेही कुजले असते. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हेच दाखवलं, की झाड जखम भरून काढत नाही, ती आतल्या आत बंदिस्त करतं, आणि वरून फासलेल्या रंगाने कूज थांबत नाही.

आता तुमच्या झाडांचं. फायकसला पेन्सिलीपर्यंतच्या कापाला काहीही लावू नका. पाण्याचा फवारा मारा, ओल्या फडक्याने चीक टिपा, बाकीचं झाड करतं. अंगठ्याएवढा काप असेल तर कॉनकेव्ह कटरने (खोलगट काप घेणाऱ्या बोन्सायच्या कात्रीने) किंचित खोलगट घ्या आणि सालीची कड धारदार ब्लेडने साफ करा. चीक थांबल्यावर कट पेस्टचा पातळ हात फक्त त्या कडेवर फिरवा. सालीखालची हिरवी रेघ ओलसर राहिली तरच तिथून नवी साल गादीसारखी फुगून आत सरकते. मधलं लाकूड सुकू द्या. जेडला तर पेस्टही नको. पेरापासून थोडं वर कापा, आठवडाभर पाणी बंद ठेवा. उरलेलं खुंट सुकून आपणच पेराशी गळतं. हळदीने अपाय नाही, पण ती एका सरीत धुऊन जाते.

मोठे काप मार्च-एप्रिलमध्ये घ्या, म्हणजे पावसाच्या आधी कड धरते. बरेच जण फायकस जूनमध्ये कापतात, कारण तेव्हा फूट जोरात असते. छताखाली कुंडी असेल तर चालेल, उघड्या ग्रिलमध्ये मी कापणार नाही.

कूज लागलीच तर टणक लाकूड लागेपर्यंत कोरा आणि बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. हातात मोजे घाला, कुंडीतल्या मातीवर सांडू देऊ नका. माझा वड यानेच वाचला, जखमेच्या जागी आता ढोली आहे.

एक राहिलं: बोगनवेलीला यातलं सगळं लागू नाही. तिचं लाकूड मऊ, काप नीट बुजत नाहीत आणि लवकर कुजतात, तिथे काप सुकल्यावर पूर्ण झाकलेला बरा.

गेल्या मार्चमध्ये मी त्याच वडाची डावीकडची फांदी कापली, तितकीच जाड. मेण नाही, फक्त कडेला पेस्ट. साल चारी बाजूंनी आत आलीय, मध्ये मुगाच्या दाण्याएवढं लाकूड उघडं आहे. दिवाळीला दादा येईल तेव्हा त्याचं बोट धरून तिथे ठेवणार आहे.