एनबीएचं काम गळ्यात पडलंय, तर हे वाच

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

मेकॅनिकलच्या एनबीएचं (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन, इंजिनिअरिंगच्या एकेका प्रोग्रामला मान्यता देणारी संस्था) काम तुझ्याकडे आलंय. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. नको. कन्सल्टंटकडून तयार एसएआर (सेल्फ असेसमेंट रिपोर्ट, कॉलेजने स्वतःबद्दल लिहायचा अहवाल) घेऊ नको, एचओडी (विभागप्रमुख) कितीही म्हणू देत की "सगळे तेच करूलालेत". सगळे करतात हे खरं आहे, आणि म्हणूनच पाहणीला येणाऱ्या लोकांना ते पहिल्या दहा पानात कळतं. एका कॉलेजच्या रिपोर्टमध्ये मी स्वतः बघितलंय, व्हिजन मिशनच्या पानावर त्याच कॉलेजचं नाव आणि चौथ्या क्रायटेरियनमध्ये (निकषात) मधेच कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजचं, फाइंड-रिप्लेस करताना राहून गेलेलं. त्यावर काय खुलासा करणार, सांग. आणि आता तर अजून एक घोळ आहे, हे विकत मिळणारे टेम्प्लेट बहुतेक जुन्या 12 पीओचे आहेत (प्रोग्राम आउटकम, म्हणजे डिग्री संपताना पोरांना काय काय यायला हवं त्याचे मुद्दे). नवीन फॉरमॅटमध्ये पीओ 11 आहेत, इंजिनिअर आणि समाज, पर्यावरण असले दोन मुद्दे एकत्र आले त्यामुळे पुढचे सगळे नंबर एकेक घराने वर सरकले. एथिक्स पूर्वी 8 होतं ते 7 झालं, कम्युनिकेशन 10 होतं ते 9. जुना मॅपिंग तक्ता तसाच चिकटवलास तर तुझा वर्कशॉपचा विषय कुठल्या भलत्याच पीओला जोडलेला दिसेल आणि तुला पत्ताही लागणार नाही.

तू नवीन आहेस म्हणून थोडं मागचं सांगतो, पटकन. नॅक (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) आणि एनबीए दोन्ही 1994 चे, पण नॅक पूर्ण संस्थेला बघतं आणि एनबीए एकेका प्रोग्रामला. म्हणजे कॉलेजला नॅकचा चांगला ग्रेड असला तरी तुमच्या मेकॅनिकलला एनबीए असेलच असं नाही, हे मॅनेजमेंटच्या लोकांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं. 2014 ला भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या डिग्र्यांना एकमेकांच्या देशात मान्यता देणारा करार) कायमचा सदस्य झाला, तेव्हापासून या आउटकमच्या, म्हणजे पोरांना शेवटी काय आलं ते मोजायच्या भाषेला वजन आलं. अजून एक, ऑटोनॉमस कॉलेजं टियर वनमध्ये आणि तुमच्यासारखी व्हीटीयूला (बेळगावची विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) नुसती संलग्न असलेली टियर टूमध्ये, दोघांचे फॉरमॅट वेगळे, डाऊनलोड करताना बघून घे. इतकं पुरे.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंयस की मागच्या कोऑर्डिनेटरने एक्सेलमध्ये सगळ्या विषयांचं ॲटेनमेंट (ठरवलेलं पोरांना किती जमलं त्याचा 3 पैकी आकडा) 2.7, 2.8 असं छान काढून ठेवलंय आणि तुला फक्त पुढच्या वर्षाचा कॉलम भरायचाय. तो एक्सेल मला शंकास्पद वाटतो. कुठल्या डिपार्टमेंटला सगळ्याच विषयात 2.8 येतं? व्हीटीयूचे निकाल आपण बघत नाही काय, मॅथ्सला किती पोरं लटकतात ते.

एक विषय घेऊन दाखवतो. समज फ्लुइड मेकॅनिक्स, 60 पोरं, आणि तिसरा कोर्स आउटकम (सीओ, म्हणजे त्या विषयातून पोरांना जे यायला हवं ते) आहे डायमेन्शनल ॲनालिसिसचा. दुसऱ्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) प्रश्न 3 बी त्यावर होता. तुमच्या डिपार्टमेंटने ठरवलंय की प्रश्नाच्या 60 टक्के मार्क मिळाले की त्या पोराला तो आउटकम जमला असं धरायचं, आणि 60 टक्के पोरांना जमला तर लेव्हल 1, 70 ला 2, 80 ला 3. आता मोज. 33 पोरांना जमलं, म्हणजे 55 टक्के, लेव्हल शून्य. युनिव्हर्सिटीच्या पेपरात 44 पोरं टार्गेटच्या वर, 73 टक्के, लेव्हल 2. दोन्हीला निम्मं निम्मं वजन दिलं तर आलं 1. टार्गेट होतं 2. झालं, इथेच कोणीतरी घाबरून शून्याचा 2 करतो.

तसं करू नको. तो 1 तसाच लिही, आणि खाली कारण लिही. कारण शोधायला कुठे लांब जायचं नाही, त्या विषयाच्या मॅडमला विचार, त्या सांगतील की तो भाग सेमच्या शेवटच्या आठवड्यात उरकला, मधे फेस्ट आला, मग सुट्ट्या आल्या. मग पुढच्या वर्षी तो भाग आधी घेतला, दोन ट्युटोरियल जास्त ठेवले, टाइमटेबलमध्ये ते दिसतात, ट्युटोरियलचे पेपर फाईलला आहेत, आणि त्या वर्षी 43 पोरांना जमलं. 33 चे 43. समितीतला माणूस ही दोन पानं समोरासमोर ठेवून बघतो तेव्हा त्याला पुढे विचारायला फार काही उरत नाही. कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंटचा क्रायटेरियन, म्हणजे सतत सुधारणेचा, तो दुसरं काही मागतच नाही. सगळीकडे 2.8 असेल तर तिथे काय लिहिशील? सुधारायला जागाच ठेवली नाहीस की.

आणि हे सगळं क्वेश्चन पेपरपासून सुरू होतं, एक्सेलपासून नाही. आपल्याकडे इंटर्नलच्या पेपरला उजवीकडे दोन कॉलम असतात, सीओ आणि ब्लूमची लेव्हल, म्हणजे प्रश्नाला किती खोल विचार लागतो त्याची पायरी, एल1 (नुसतं आठवणं), एल2 (समजणं), एल4 (विश्लेषण) वगैरे. हे कॉलम पेपर छापायच्या आदल्या रात्री कोणीतरी अंदाजाने भरतं, डिफाइन आणि एक्सप्लेन विचारलेलं असतं आणि शेजारी एल4. तू एकच कर, जुने पेपर काढून बस आणि प्रश्न झाकून फक्त कॉलम वाच, मग कॉलम झाकून प्रश्न वाच, दोन्ही जुळत नाहीत तिथे पेन्सिलने खूण कर. जुने बदलायचे नाहीत हं, झालेला पेपर झालेला. पुढच्या पेपरला मात्र स्क्रूटिनी लावून घे, दोन सीनियर लोकांच्या सह्या, तारीख, आणि त्यांनी काय बदलायला सांगितलं ते त्याच कागदावर.

एक अडचण तुला येईल म्हणून आधीच सांगतो. व्हीटीयूच्या परीक्षेचे मार्क आपल्याला प्रश्नवार मिळत नाहीत, एकूण आकडा येतो. त्यामुळे त्या बाजूचं ॲटेनमेंट सगळ्या सीओला सारखंच धरावं लागतं. सगळी संलग्न कॉलेजं हेच करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पद्धत सरळ लिहून टाक. पण याचा अर्थ असा की कुठला सीओ कच्चा आहे हे सांगणारा तुझ्याकडे एकच पुरावा उरतो, तुमचं इंटर्नल. ते सैल तपासलं, सगळ्यांना 50 पैकी 46 दिले, तर तो पुरावाही गेला.

फीडबॅकचं बोलतो, कारण तू फोटो पाठवलास त्यात मला ते फॉर्म दिसले. पालकांचे फॉर्म, सगळे इंग्लिशमध्ये, सगळ्यांवर "एक्सलंट" ला टिक, आणि निम्म्या फॉर्मवर एकाच निळ्या पेनाची शाई. अगं, खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला शेतकरी बाप, त्याला प्रोग्राम एज्युकेशनल ऑब्जेक्टिव्ह वर 1 ते 5 मध्ये मत विचारलंस तर तो काय करणार, पोराकडे फॉर्म देणार आणि पोरगा हॉस्टेलवर बसून स्वतःच भरणार. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हीत कर, पाच साधे प्रश्न ठेव. पोराच्या कामात काय फरक दिसला, घरी काय तक्रार सांगतो, फी आणि बसबद्दल काय म्हणणं. काहींना फोन लाव. दहा पालकांनी खरोखर लिहिलेलं ऐंशी टिकांपेक्षा जास्त उपयोगाचं, आणि एखाद्याने लिहिलं की "लॅबची मशीन बंद असते" तर तो फॉर्म काढून टाकू नको, त्यावर मशीन दुरुस्त केल्याचं बिल जोड.

अभ्यासक्रम आपल्या हातात नाही हे रडगाणं अहवालात गाऊ नको. सिलॅबस व्हीटीयूचा, मान्य, पण त्यात काय कमी आहे ते शोधून भरून काढणं तुमचंच काम आहे. आणि बेळगावात बसून मेकॅनिकलवाल्यांनी असं म्हणावं म्हणजे कमाल आहे. उद्यमबागेत जा, मच्छेला जा, फाउंड्री आणि मशीन शॉप हाकेच्या अंतरावर, त्यात तुमचेच माजी विद्यार्थी सुपरवायझर नाहीतर मालक. त्यांना विचार की आमचं पोरगं कामाला आल्यावर पहिल्या महिन्यात कुठे अडतं. कोणी म्हणेल ड्रॉइंग वाचता येतं पण टॉलरन्स कळत नाही, कोणी म्हणेल कास्टिंगचा डिफेक्ट बघून कारण सांगता येत नाही. तोच तुझा गॅप. त्यावर दोन शनिवार घे, येणाऱ्या माणसाचं पत्र, पोरांची हजेरी, शेवटी एक छोटी टेस्ट. बाहेरून मोटिव्हेशनल स्पीकर आणून फुलांचा गुच्छ देतानाचा फोटो लावतात त्याला काही अर्थ नाही, मला तरी कधी दिसला नाही.

फॅकल्टीच्या आकड्यांचं टेन्शन तू घेऊ नको. प्रोफेसर, असोसिएट, असिस्टंट हे प्रमाण 1:2:6 असावं अशी जुन्या फॉरमॅटची अपेक्षा, 1000 पैकी 200 मार्क एकट्या फॅकल्टीच्या क्रायटेरियनला होते, आणि ती भरती करणं मॅनेजमेंटचं काम. तू फक्त खरी यादी दे. पाहणीच्या तीन दिवसांपुरती माणसं आणून बसवायची चर्चा झाली तर त्या मीटिंगमधून पाणी प्यायला उठ. पगाराच्या बँक स्टेटमेंटवरून आणि जॉइनिंगच्या तारखेवरून हे उघडं पडतं, आणि सही तुझी असते.

पोरांना व्हिजन मिशन पाठ करायला लावू नका, एवढी एक विनंती. कॉरिडॉरमध्ये, कँटीनमध्ये, लिफ्टच्या शेजारी बोर्ड लावा, हरकत नाही, पण समितीतल्या माणसाने विचारल्यावर तिसऱ्या सेमचा पोरगा पोपटासारखं बोलायला लागला की ऐकणाऱ्यालाच लाजल्यासारखं होतं. त्यापेक्षा प्रोजेक्टबद्दल बोलू दे. आपली मराठी मीडियममधून आलेली पोरं इंग्लिशमध्ये अडखळतात म्हणून त्यांना मागच्या बाकावर लपवतात, तेही करू नका. निपाणीकडचा एखादा तुटक्या इंग्लिशमध्ये का होईना, स्वतः वेल्डिंग केलेला ऊस तोडायचा सांगाडा दाखवून सांगत असेल की पहिला का मोडला आणि मग कुठली प्लेट जाड केली, तर त्यात सगळे पीओ आले. आतापासून दर महिन्याला त्यांना एकेक प्रेझेंटेशन करायला लाव, तोंड उघडायची सवय होते.

पाहुणचाराचं. चहा, साधं जेवण, राहायची नीट सोय, बस्स. कुंद्याचे डबे, शाली, फेटे काही नको, कोणी सुचवलं तर तू स्पष्ट नाही म्हण. 2025 च्या फेब्रुवारीत नॅकच्या एका तपासणी समितीच्या लोकांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली, तेव्हापासून सगळेच जपून असतात आणि ते बरंच आहे.

आता लगेच काय करायचं ते. तो 2.8 चा एक्सेल डिलीट करू नको, नाव बदलून बाजूला ठेव. मागच्या तीन वर्षांचे इंटर्नलचे पेपर आणि मार्कलिस्ट गोळा कर, ज्या मिळत नाहीत त्यांची यादी एचओडींना लेखी दे म्हणजे नंतर तुझ्यावर येणार नाही. मग एकच विषय घे, तुझा स्वतःचा शिकवलेला, आणि त्याचं ॲटेनमेंट पहिल्यापासून हाताने काढ, आकडा काय येतो तो येऊ दे. तो कागद मला व्हॉट्सॲपवर टाक, शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो, फोनवर बसून बघू.

तुझा,
सर