सांध्याची जबाबदारी कुणाची?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रुळांलगतच्या वस्तीतला नाला पावसाळ्याआधी साफ व्हावा म्हणून तुझी संस्था, शेजारची दुसरी संस्था, वॉर्ड ऑफिस आणि रेल्वे असे चौघे एकत्र बसलात. बैठक छान झाली, सगळे 'सहकार्य करू' म्हणाले आणि नंतर कुणी हललंच नाही, असं लिहितेस. मला त्यात कुणाचा आळस दिसत नाही. रुळांखालचा कल्व्हर्ट, म्हणजे पाणी जायची मोरी, रेल्वेचा, अलीकडचा-पलीकडचा नाला पालिकेचा, गाळाची गाडी जायची ती वाट वस्तीची. प्रत्येकाने आपापला तुकडा कबूल केला. तुकडे जिथे एकमेकांना भिडतात, ती जागा मात्र कुणीच अंगावर घेतली नाही.

अंधेरीचा गोखले पूल आठव. 3 जुलै 2018 ला त्याच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पूल बंदच झाला. जुना पाडायचा रेल्वेने, नवा बांधायचा पालिकेने, अशी वाटणी झाली. रुळांवर किती उंची हवी याचे रेल्वेचे निकष मधल्या काळात बदलले होते, म्हणून नवा पूल उंच झाला. 26 फेब्रुवारी 2024 ला त्याची एक बाजू सुरू झाली, तेव्हा त्याला जोडायचा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला होता. पुढे व्हीजेटीआय या मुंबईतल्या इंजिनिअरिंग संस्थेच्या सल्ल्याने जॅक लावून तो उचलला, एका बाजूला 1,397 मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला 650, आणि जुलैमध्ये जोडला. उचलण्याचं ते काम खरोखर कौतुकाचं होतं. पण दोन पुलांचा सांधा दाखवणारा एकच नकाशा पहिल्या दिवशीच सगळ्यांच्या सह्यांनिशी टेबलावर असावा, असं माझं ठाम मत आहे. यात इंजिनिअरांचं कौशल्य कमी पडलं असं मी मानत नाही. सांध्याला मालक नव्हता.

तेव्हा बैठकीत 'कोण काय करणार' एवढ्यावर थांबू नकोस. 'तुमचं संपल्यावर पुढच्याला कोण कळवणार?' हे विचार आणि उत्तरात खात्याचं नाव घेऊ नकोस, माणसाचं घे. इतिवृत्त त्याच संध्याकाळी पाठव. आठवड्याने गेलेलं इतिवृत्त कुणी वाचत नाही, आणि वाचलं तर प्रत्येकाला वेगळंच आठवत असतं.

समोरच्याचं काय अडतं, हेही आधी समजून घे. एप्रिल 2020 मध्ये धारावीत कोरोनाचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा पालिकेकडे यंत्रणा होती, पण लोकांचा विश्वास होता गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांवर. त्यांच्यापैकी अनेकांचे दवाखाने भीतीने बंद होते. पालिकेने त्यांना पीपीई किट दिले, ते तपासणीसाठी वस्तीत उतरले, आणि पालिकेने शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतलं. डॉक्टरांना नुसती नोटीस धाडून हे झालं नसतं. तुझ्या रेल्वेच्या साहेबांना ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवायची ठरलेली वेळ, मिळाल्याशिवाय रुळांजवळ माणूस उतरवता येत नाही. ते पत्राला उत्तर देत नाहीत याचं कारण बहुधा तेच. ब्लॉक कधी मिळू शकेल ते त्यांना विचार आणि बाकीच्यांच्या तारखा त्याभोवती बसव.

दुसऱ्या संस्थेबद्दल तू जरा चिडून लिहिलं आहेस. त्यांचं नाव फलकावर आधी आलं, तुमचं नंतर. जाऊ दे ते. एकत्र काम करायचं म्हणजे एकजीव व्हायला हवं असं नाही. 1984 मध्ये मुंबईत सुरू झालेली स्पार्क ही संस्था, महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचे गट आणि नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही झोपडपट्टीवासीयांची संघटना, हे तिघे वर्षानुवर्षं एकत्र राबले, पण प्रत्येकाने आपलं वेगळेपण राखलं. रुळांकडेच्या झोपड्यांची मोजणी झाली, तेव्हा तिथे राहणारेच मोजणीत सामील होते. पुढे पुनर्वसनाची बोलणी करताना ती आकडेवारी कामी आली. तुमच्याकडे वस्तीतल्या घरांचे दोन संस्थांचे दोन आकडे आहेत ना? मग पुढच्या बैठकीआधी दोघी मिळून एकदा फिरा आणि एकच यादी करा. वॉर्ड ऑफिसला दोन याद्या दिल्या, तर ते तिसरी मागवतील आणि पावसाळा लागेल.

तुझ्या स्वतःच्या ऑफिसातही हेच आहे. हिशेबाच्या टेबलाला गाळाच्या गाडीचं बिल शेवटी दाखवलं, तर ते अडवणारच. बैठकीला निघण्याआधी त्यांना खर्चाचा अंदाज दाखव. आणि कुणी बाहेरचा तुझ्या वरिष्ठांना थेट फोन करू लागला तर रागावू नकोस. तेवढ्यासाठी वरिष्ठांना आधी सगळं सांगून ठेव.

आता लगेच करायचं ते सांगतो. मे महिना उजाडायच्या आत संयुक्त पाहणी व्हायला हवी. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी रेल्वेच्या माणसाला बोलावू नकोस. पत्राची वाट न बघता वॉर्डातल्या ज्युनिअर इंजिनिअरना फोन कर, कल्व्हर्टच्या तोंडाशी चौघांना उभं कर आणि पाहणीचा कागद तिथेच लिहून तिथेच सह्या घे. कोण कोण आलं ते मला कळव.

तुझा,
काका