डब्यातले जंतू आणि आजीचं विरजण

"मॅडम, स्वच्छता शिकवायला गेलो आणि पोरगी जेवेनाशीच झाली," तिसरीतल्या मुलीची आई सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डबा भरलेलाच परत यायचा. शाळेतल्या पोषण आहाराच्या खिचडीला ती हातही लावत नव्हती. हात धुऊन धुऊन बोटांची पेरं फुटली होती. वर्गात जंतूंचा व्हिडिओ दाखवला होता, त्यात सुळेवाले हिरवे राक्षस. घरी आई धाक घालायची, "न धुतलेल्या हाताने खाल्लंस तर दवाखान्यात सुया टोचतील."

मग शिकवायचंच नाही का, असं पालक मला विचारतात. शिकवायचंच. पण आठ वर्षांच्या मुलाला नुसती भीती दिली, तर धोका नेमका कुठे आहे ते त्याला कळत नाही. त्याला सगळंच घाण वाटू लागतं.

हात धुण्यात रोज तासाभराहून जास्त वेळ जातो का, अडवलं तर ती कासावीस होते का, हे मी आधी विचारलं. तसं असतं तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. इथे तेवढं नव्हतं.

मुलीच्या तळहाताला तेलात कालवलेली हळद चोळली. नुसत्या पाण्याने ती निघेना. साबण लावून वीस सेकंद चोळल्यावर बरीचशी निघाली, पण नखांच्या कडेला आणि अंगठ्याच्या मागे पिवळं राहिलंच. "इथे विसरते मी," ती स्वतःच म्हणाली. खाण्याआधी आणि शौचाहून आल्यावर असे नीट धुतले की पुरे, मधे मधे नको, हे तिने लगेच मान्य केलं.

दुसऱ्या भेटीला आजीला बोलावलं. विरजण म्हणजे जंतूच, हे ऐकून मुलगी आजीकडे बघतच राहिली. तीन वाट्यांत दूध घेऊन विरजण लावायचं काम मी घरी दिलं: एक कडकडीत गरम, एक फ्रिजमधली गार, एक कोमट. दही कुठे लागलं हे तिने पुढच्या वेळी न विचारता सांगितलं. मग मी म्हटलं, त्रास देणारे बरेचसे जंतूही असेच, साधारण पाच ते साठ अंशांच्या मधे झपाट्याने वाढतात. म्हणून भात दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचा नाही. सकाळी साडेसहाला भरलेल्या डब्यात ओल्या खोबऱ्याची चटणी नको, पोळी आणि कोरडी भाजी बरी. भाजीची वाफ जिरल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

सुयांचा धाक बंद करायला आईला मात्र वेळ लागला. तिच्या लहानपणी घरात कावीळ झाली होती, ती भीती अजून गेली नव्हती. तीही आम्ही बोलून घेतली.

डबा आता रिकामा येतो. खिचडी ती दोनच घास खाते, तेही बाईंनी आधी चव घेतलेली पाहिल्यावर.