निकेलची २० नॅनोमीटर फिल्म: एक्सआरडी म्हणतं धातू, एल-एज म्हणतो ऑक्साइड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) स्पटर केलेली (निर्वात चेंबरमध्ये अणू उडवून बसवलेली) २० नॅनोमीटरची निकेल फिल्म. एक्सआरडीत (स्फटिकरचना दाखवणाऱ्या एक्स-रे विवर्तनात) फक्त धातूची शिखरं. इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) टोटल इलेक्ट्रॉन यील्डमध्ये (बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजून) घेतलेल्या एल-एजमध्ये (निकेल एक्स-रे एकदम जास्त शोषू लागतं अशा ऊर्जांपैकी एक) मात्र ऑक्साइड ठळक, त्यातल्या एल-२ ला दोन शिखरं फुटलेली, ही ऑक्साइडची खूण. आणि गाइड म्हणतायत, फिल्म ऑक्सिडाइझ झाली, टाकून द्या.

टाकू नका. दोन्ही मोजमापं खरी आहेत, फक्त दोघांनी वेगवेगळ्या अणूंना विचारलंय.

एल-एजचे ८५३ इव्हीचे (इलेक्ट्रॉन व्होल्ट) फोटॉन फिल्ममध्ये खोल जातात, पण तुम्ही मोजताय ते बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन, आणि ते येतात वरच्या दोन-पाच नॅनोमीटरमधून. समजा वर २ नॅनोमीटर ऑक्साइड आहे. तुमच्या सिग्नलचा निम्मा भाग त्याचाच असणार. पूर्ण फिल्मच्या हिशोबात मात्र ते निकेल दहा टक्क्यांच्या आत. साय चाखून दुधाबद्दल मत देण्यातला प्रकार आहे हा. एक्सआरडीला उलट तो पातळ, अव्यवस्थित थर दिसतच नाही.

म्हणून आता के-एज घ्या, निकेलची दुसरी, जास्त ऊर्जेची एज, ८३३३ इव्हीला; तिच्यात पूर्ण फिल्म दिसेल. ट्रान्समिशनचा (पार गेलेला बीम मोजण्याचा) नाद सोडा. २० नॅनोमीटर निकेलची एज स्टेप (एजला शोषणात होणारी उडी) ०.००५ च्या आसपास येते, आणि मागचा अर्धा मिलिमीटर सिलिकॉन बीम जवळपास सगळा गिळतो. फ्लुओरेसन्सच (निकेलने परत सोडलेले एक्स-रे मोजणं) हवा: नमुना बीमशी ४५ अंशात, डिटेक्टर बीमला काटकोनात. आडव्या पातळीतच ठेवा, तिथे सिंक्रोट्रॉनच्या ध्रुवीकरणामुळे विखुरलेला प्रकाश सगळ्यात कमी असतो. काउंट (मोजलेले फोटॉन) कमी पडले तर बीम आणि फिल्ममधला कोन उतरवा. १ अंशाला बीमचा फिल्ममधला रस्ता, सरळ लंब पडण्याच्या तुलनेत, सुमारे ५७ पट होतो. पण अर्ध्या अंशाखाली जाताना जपून. निकेलचा क्रिटिकल कोन (ज्याखाली बीम पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो) तिथेच कुठेतरी आहे, त्याखाली गेलात की पुन्हा फक्त वरचा थर दिसायला लागेल.

वेफरचा त्रास वेगळा. सिलिकॉन एकस्फटिक आहे, त्यामुळे स्कॅन करताना मध्येच ब्रॅगचं शिखर (स्फटिकाने एकाच दिशेला फेकलेला बीम) थेट डिटेक्टरमध्ये घुसतं आणि एक्झाफ्समध्ये (एजच्या पुढच्या लहरींत, ज्यांवरून शेजारच्या अणूंची अंतरं कळतात) खिळा ठोकल्यासारखा दिसतो. नमुना एक-दोन अंश फिरवा. शिखर सरकलं तर ते वेफरचं, तुमच्या निकेलचं नाही. दोन-तीन कोनांत स्कॅन घेऊन खराब भाग कापून जोडा.

‘मग काच वापरतो’ असं कुणीतरी सुचवेलच. निकेलला चालेल. मी एकदा लोखंडाची फिल्म साध्या मायक्रोस्कोप स्लाइडवर नेली होती. रात्रभर स्कॅन केले, पहाटे सहज कोरी स्लाइड लावली, तर तिच्यातूनही लोखंडाची एज, जवळजवळ तेवढीच उंच! काचेत लोखंड अगदी थोडं असतं, पण एक्स-रेला काचेची जाडी फिल्मच्या हजारो पट मिळते. तेव्हापासून कोरा सबस्ट्रेट आधी लावतो, फिल्म नंतर.

सेल्फ-अॅब्सॉर्प्शन करेक्शन (नमुन्याच्या स्वतःच्या शोषणाने दबलेला सिग्नल गणिताने वर उचलणं) लावू नका. ते जाड नमुन्यांसाठी आहे. ४५ अंशात २० नॅनोमीटरला त्याची गरज नाही, लावलंत तर चांगला डेटा उगाच फुगेल.

फिटिंगचं बोलायचं तर, त्याच पाळीत निकेल फॉइल आणि निकेल ऑक्साइडची पावडरही मोजा. एजजवळच्या भागात या दोघांचं लिनिअर कॉम्बिनेशन (दोन्ही आलेखांची योग्य प्रमाणातली बेरीज) बसवा, ऑक्साइडचं प्रमाण लगेच कळेल. एक्झाफ्समध्ये धातूचा पहिला शेजारी २.४९ अँगस्ट्रॉमवर, ऑक्साइडमधला ऑक्सिजन २.०९ वर, म्हणजे गोंधळ व्हायची शक्यता कमी. शेजाऱ्यांची संख्या मात्र जपून सांगा. १२ ऐवजी ११ आले की ‘नॅनोग्रेन’ (अतिसूक्ष्म स्फटिककण) असं लिहायचा मोह होतो, पण त्या आकड्यात दहा टक्के चूक सहज असते, आणि अणूंच्या हलण्यामुळे आलेली घट त्याच आकड्यात मिसळते.

पुढच्या फिल्मवर, हवा लागू नये म्हणून, चेंबर न उघडता २ नॅनोमीटर अॅल्युमिनिअमची टोपी घाला. त्यातूनही निकेलचे इलेक्ट्रॉन पुरेसे बाहेर येतात.

ही फिल्म चेंबरमधून काढल्यापासून बीमलाइनवर लावेपर्यंत किती दिवस हवेत होती आणि कशात ठेवली होती, ते कळवा.