‘राउझ’ आणि रान उठवणे

इंग्रजीतला ‘राउझ’ (rouse) म्हणजे नुसतेच ‘जागे करणे’ का, आणि तो ‘राइझ’ (rise, उठणे) वरूनच आला असणार ना, असे तुम्ही विचारले आहे. (उच्चार ‘माझा’तल्या झसारखा.) हा शब्द झोपेच्या बाजूने समजून घ्यायला गेलात की हमखास फसाल. तो आला ससाण्यांकडून.

पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलीत तो भेटतो. हातावर बसलेली ससाणी सगळी पिसे उभी करते, क्षणभर दुप्पट दिसते, मग डोक्यापासून शेपटीपर्यंत खळखळून अंग झटकते आणि पिसे जागच्या जागी बसतात. हे ‘राउझ’. धुळीत लोळून उठलेली कोंबडी पाहिली असेल तर लगेच डोळ्यांसमोर येईल. ससाणे पाळणारे आजही हाच शब्द वापरतात. पक्ष्याने असे अंग झटकले की तो निवांत आहे, असे ते समजतात.

सोळाव्या शतकात अर्थ सरकला: झुडपात दडलेले जनावर हुसकून बाहेर काढणे. इथे मला आपले ‘रान उठवणे’च आठवते. हाकारे आरडाओरडा करत, डबे बडवत रान उठवत. आज पाणीपट्टीवरूनही रान उठते, तेव्हा ना रान असते ना जनावर. इंग्रजीनेही हीच वाट धरली. जनावरांवरून माणसे उठवणे, राग चेतवणे आले. झोपेतून उठवण्याचा अर्थ त्या शतकाच्या शेवटी शेवटी रुळला.

म्हणून भाषांतरात ‘वेक’ला ‘जागे करणे’ पुरते, ‘राउझ’ला नाही. त्यात गाढ झोप किंवा सुस्ती मोडायचा जोर आहे. ‘गदागदा हलवून उठवले’ हे मला जवळचे वाटते. जमाव असेल तर ‘पेटवला’.

आता ‘राइझ’. कोशकार ‘राउझ’चे मूळ ठामपणे सांगत नाहीत, जुन्या फ्रेंचकडे बोट दाखवतात. त्यावरून झालेला ‘अराउझ’ (arouse) मात्र 1590च्या दशकात ‘राइझ–अराइझ’ (rise–arise) या जोडीच्या साच्यात घडवला गेला. तुमचा समज बहुधा तिथूनच झाला. आज संशय, कुतूहल, कामभावना यांच्यासोबत ‘अराउझ’ जास्त येतो. तिथे ‘जागवणे’, ‘चाळवणे’ शोभते.

बिअर बनवणारे तळाशी बसलेले यीस्ट पुन्हा वर आणतात, त्यालाही ‘राउझ’च म्हणतात. तिथे मात्र सरळ ‘ढवळणे’ लिहा.