सिम्फनीवर अ‍ॅनिमेशन करताना चित्र ठोक्याला कसं जुळवायचं?

चित्रपटासाठी पाश्चात्य अभिजात संगीताच्या तयार रचनेवर अ‍ॅनिमेशन करायचंय, तर आधी काय आणि ठोके कसे जुळवायचे, असं तुम्ही विचारलंय. आधी संगीत. ध्वनिमुद्रण पक्कं झाल्याशिवाय एकही चित्र काढू नका. डिस्नेच्या ‘फँटेशिया’ (१९४०) या अ‍ॅनिमेशनपटातल्या फ्रेंच संगीतकार पॉल द्युकासच्या रचनेचं ध्वनिमुद्रण १९३८च्या जानेवारीतच झालं होतं.

गणित साधं आहे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १४४०, म्हणून १४४० ला मिनिटातल्या ठोक्यांनी भागायचं. लय १२० असेल तर ठोक्याला १२ फ्रेम. लय १०० असली की १४.४ येतात, तिथे सरसकट १४ धरले तर ६० ठोक्यांत चित्र संगीताच्या पूर्ण एक सेकंद पुढे पळतं. त्यातून ऑर्केस्ट्राची लय एकसारखी नसतेच, कंडक्टर ती ओढतो, सैल सोडतो. म्हणून भागाकार फक्त अंदाजापुरता. वेव्हफॉर्म (पडद्यावर दिसणारा आवाजाचा आलेख) समोर ठेवून प्रत्येक ठोक्याचा फ्रेम क्रमांक बार शीटवर (संगीताच्या मात्रांनुसार आखलेल्या तक्त्यावर) लिहा आणि तिथून एक्स्पोजर शीटवर (कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र, त्या तक्त्यावर) घ्या. व्हायोलिनचा हळुवार उठाव वेव्हफॉर्ममध्ये नीट दिसत नाही. तिथे कानच खरा.

सगळ्यात जास्त चूक होते ती उडीत. पात्र खाली दबतं ते ठोक्यावर ठेवलं, की उडी सम सोडून पडते. दबणं ६-८ फ्रेम आधी सुरू करा. झांजेवर काही आदळायचं असेल, तर आदळण्याचं चित्र एक-दोन फ्रेम आधी ठेवा. किंचित आधी आलेलं खपून जातं, उशीर लगेच खटकतो. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरत असाल तर काही ठोके मधल्या फ्रेमवर पडतात. तेवढ्यापुरतं एक चित्र एकाच फ्रेमला द्या.

प्रत्येक सुराला हालचाल मात्र देऊ नका. पाच मिनिटांत डोळे थकतात आणि संगीत ऐकूच येईनासं होतं. कॅमेरा आणि रंग यांनी अख्ख्या स्वरवाक्याबरोबर (सुरांच्या एका सलग ओळीबरोबर) चालावं, हातपायांनी मोजक्या आघातांवर.

रचना कापावी लागली तर स्वरवाक्य संपतं तिथेच कापा आणि मागे रेंगाळणारा नाद पुढच्या तुकड्याखाली हळूहळू विरू द्या, नाहीतर सांधा ऐकू येतो. प्रकल्प २४ फ्रेमचा की २३.९७६चा, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. घोळ झाला तर दहा मिनिटांत ०.६ सेकंदाचा फरक पडतो.

हक्कांचंही आधीच बघा. द्युकास १९३५ साली वारला, त्यामुळे भारतात त्याची रचना मुक्त आहे. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो.